आईला घेऊन दोन दिवस इंदूर : काय, कुठे आणि मुख्य म्हणजे कधी खावं?

मेघना_स
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन इंदूरला जातेय. आईचा जन्म तिथलाच, रामबागेतला. १९७१ साली लग्न होऊन ती साताऱ्याला आली. पुढे आजोबांनी तिथलं बिऱ्हाड हलवलं आणि मग तिचं जाणं झालंच नाही. आता ती ७३ वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, साखरेची गोळी चालू आहे.

मी राजवाडा, लालबाग पॅलेस, कांच मंदिर अशी ठिकाणं काढून ठेवली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सकाळी पोहे खायचेत आणि रात्री सराफ्यात जायचंय. बाकी तू ठरव." (सराफा म्हणजे तिथला सराफ बाजार, रात्री त्याची खाऊगल्ली होते.) तर आता शहर खातखातच बघायचं ठरलंय. पुणे-इंदूर गाडीने सकाळी उतरू, दोन रात्री राहू. काय चुकवू नये, कुठल्या वेळेला कुठे असावं, आणि तिच्या वयाला झेपेल असं काय, ते सांगा.

एक घरचा तपशील: आमच्याकडे पोह्यांत बडीशेप पडते. साताऱ्याच्या काकू-आत्या अजून हसतात त्यावरून. ही आईची स्वतःची खोड की इंदूरची रीत, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

निशाचर
बडीशेप इंदूरचीच! पोटात जाते तेव्हा कळतं. सराफ्यात रात्री नऊच्या आधी जाऊ नका, तोवर मांडामांडच चालू असते. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रामबागवाला
भिया राम! (हा आमचा इंदुरी नमस्कार, भिया म्हणजे भैया.) रामबाग म्हटलं आणि मला राहवलं नाही. माझं बालपण तिथेच गेलं, आता २२ वर्षं ठाण्यात आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

मेघनाताई, पदार्थांची यादी घेऊन फिरू नका, वेळ धरून फिरा. इंदुरात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. ती चुकली की तोच पदार्थ मिळतो, पण ती मजा नाही.

सकाळी सात ते साडेनऊ पोहे-जिलबी. इंदुरी माणूस "पोए" म्हणतो. आपले कांदेपोहे आणि हे यांत मोठा फरक आहे. आपण कांदा परततो, दाणे तळतो, खोबरं घालतो. तिकडे कांदा परतायचा नाहीच. जाड पोहे धुऊन हळद, मीठ, साखर लावायची, मोहरी, हिरवी मिरची आणि बडीशेप यांची बेताची फोडणी द्यायची, आणि मोठी परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवायची. पोहे वाफेवर मऊ राहतात, तेल कमी लागतं आणि तासभरानेही गोळा होत नाहीत. गाडीवर गेलात की बघा, परातीत पोह्यांचा डोंगर केलेला असतो आणि विकणारा नेहमी कडेचे पोहे घेतो, मधला ढीग मोडत नाही. प्लेटमध्ये पोहे, वर कच्चा बारीक कांदा, शेव, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू, आणि शेवटी चिमटीने जिरावण. जिरावण म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, लवंग, हिंग, आमचूर, काळं मीठ वगैरेंचा मसाला. तो पडला नाही तर इंदुरी माणूस प्लेट परत करेल.

अकरा-साडेअकराला कचोरी. राजवाड्याच्या बाजूला लाल बाल्टीवाल्याची आलू कचोरी आहे. आई लहानपणी त्या भागात आल्या असतील तर लाल बादली बघून ओळखतील.

दुपारी घरी किंवा हॉटेलवर जाऊन झोपा. हे मनापासून सांगतोय, कारण रात्र मोठी आहे.

संध्याकाळी छप्पन दुकान, रात्री सराफा. त्यावर नंतर लिहितो, ऑफिसला उशीर होतोय.

खादाड_नाशिककर
एक महत्त्वाची सूचना. इंदुरात शिकंजी मागवली की लिंबूपाणी येत नाही! मी मे महिन्यात तहानेने व्याकूळ होऊन मागवली आणि समोर आलं घट्ट, केशरी, सुका मेवा घातलेलं दूध-रबडी-मठ्ठ्याचं पेय. पहिला घोट घेतला आणि दादरचं पियूष आठवलं. आंबटगोड, जायफळाचा वास, चमच्याने खाता येईल इतकं दाट. तहान नाही भागली, पण दुसरा ग्लास घेतला.

अनुराधा_जो
@खादाड_नाशिककर, पियूषशी तुलना अगदी बरोबर. आमच्याकडे श्रीखंड उरलं की ताक घालून असंच करतो.

मेघना, थोडं वेगळं मत मांडते. मी २००४ मध्ये आणि परत गेल्या वर्षी सराफ्यात गेले. २००४ मध्ये सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं ओढलेली, त्यांच्या ओट्यांवर बसून लोक दहीवडे, मालपुवे, मक्याचा कीस खात होते. गेल्या वर्षी त्याच गल्लीत चाऊमीन, मोमो, पेटतं पान आणि प्रत्येक गाडीसमोर मोबाइल धरून उभे असलेले लोक. गर्दी इतकी की पायाला पाय लागत होता. ७३ वर्षांच्या बाईंना शनिवारी-रविवारी अजिबात नेऊ नका. आणि खाऊन शहर कळतं हेही मला पूर्ण पटत नाही. आपण खातो ते शहराने पाहुण्यांसाठी मांडलेलं असतं. घरात काय शिजतं ते वेगळंच.

निशाचर
पेटत्या पानाबद्दल +१. पण "पाहुण्यांसाठी मांडलेलं" हे सराफ्याला लागू नाही. रात्री बारानंतर तिथे जे असतात ते गावचेच असतात. लग्नाचं जेवण झाल्यावरही लोक सराफ्यात येतात, मी स्वतः आलोय.

माळवी_मुलगी
मी उज्जैनची, सासर पुण्यातलं. मराठी लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या.

या धाग्यात एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. इथे शिकंजी पियूषसारखी, आणि एरवीही ऐकते की पोहे मराठ्यांनी आणले, कीस मराठ्यांचा. असं म्हणत गेलं की माळवा रिकामा होता असं वाटायला लागतं. आमच्याकडे म्हण आहे, "पग-पग रोटी, डग-डग नीर". माळव्याची काळी माती, गहू, मका, हरभरा, हे आमचं मूळ. दाल-बाफला आमचा. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. बाटी आणि बाफला यांत फरक हा उकळण्याचाच. शेव आमची. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे. आणि पोह्यांचं म्हणाल तर उज्जैनला पोहे-परमलच्या (परमल म्हणजे कुरमुरे) गिरण्या आहेत, पोहे हे आमच्याकडचं रोजचं काम आहे. होळकरांच्या काळात मराठी लोक आले, त्यांनी आपली पद्धत आणली, हे खरं. पण बडीशेप, जिरावण, वर शेव आणि बाजूला जिलबी ही जोडी माळव्यात जुळली.

रामबागवाला
@माळवी_मुलगी, तुमचं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे, आणि मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या घरी आजीचे कांदेपोहे वेगळे आणि बाहेरचे "पोए" वेगळे, दोन्ही खाऊनच मोठा झालो. कुणी कुणाला शिकवलं हे ठरवायला गेलो तर प्लेट गार होईल.

पण दोन शब्द ऐकाच. उसळ-पोहे. इंदुरात पोह्यांवर तिखट उसळ घालून देतात आणि पाटीवर "उसल" लिहिलेलं असतं. आणि "भुट्टे का कीस". किसणीवर मका किसायचा म्हणून कीस. माझा कानपुरी मित्र विचारायचा, "ये कीस क्या होता है?" बटाट्याचा कीस खाल्लेल्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. शब्द घरातून बाजारात कसे जातात ते अशा पाट्यांवर दिसतं. अनुराधाताई, म्हणून मला वाटतं, रस्त्यावरच्या खाण्यात घर दिसतं. रामबाग, नारायण बाग, राजमोहल्ला या भागांतल्या स्वयंपाकघरांतूनच ते बाहेर पडलंय.

आता राहिलेलं. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि राजवाड्याभोवती बाजार वाढला. सराफा राजवाड्याच्या पाठीमागेच, चालत पाच मिनिटं. त्या गल्लीत दिवसा सोनं आणि रात्री खाणं, हे कसं काय? आमच्याकडे सांगतात ते असं की रात्री वर्दळ राहिली तर दुकानांना चोरांची भीती नाही, म्हणून सराफांनीच खाणाऱ्या-विकणाऱ्यांना ओटे वापरू दिले. अलीकडे सराफ व्यापारी आणि गाडीवाल्यांमध्ये कुरबुर आहे, कारण गॅसच्या टाक्या वाढल्या आणि परंपरेबाहेरचे पदार्थ शिरले. अनुराधाताई, तुमची तक्रार खुद्द सराफांचीही आहे.

सराफ्यात आईंसाठी:

जोशींचा दहीवडा. द्रोण हवेत उडवून झेलतात ते सगळे बघतात, तुम्ही हात बघा. एकाच चिमटीत पाच मसाले घेऊन ते वेगवेगळे सोडण्याची त्यांची कला आहे. दही गोडसर, वडा मऊ, दात नसलेल्यालाही चालेल.

भुट्ट्याचा कीस. तूप, मोहरी, हिंग, मिरची, किसलेला मका, दूध, मंद आचेवर तूप सुटेपर्यंत. वर खोबरं-कोथिंबीर-लिंबू.

गराडू. जानेवारीत जाताय म्हणजे नशीब काढलंत, हा फक्त थंडीत मिळतो. कोनफळाच्या जातीचा कंद, सोलताना हाताला खाज सुटते म्हणून तेल लावून सोलतात. तुकडे एकदा तळून ठेवतात आणि तुम्ही मागितलेत की दुसऱ्यांदा कुरकुरीत तळून जिरावण आणि लिंबू. बाहेरून कडक, आतून लोण्यासारखा.

जलेबा म्हणजे पाव किलोच्या आसपासची एकच जिलबी. साखरेच्या माणसाने लांबून बघावी.

डॉ_सुहास
मेघना, मी वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, म्हणून खाण्यापेक्षा बाकीचं सांगतो. गोळ्यांची वेळ बदलू नका. रात्री अकराला खायचं असेल तर संध्याकाळी सहाला हलकं काही पोटात असू द्या, रिकाम्या पोटी थांबवू नका. पाणी बाटलीचं, चटण्या आणि उघडं कापलेलं फळ टाळा, समोर गरम होणारं खा. पोह्यांवरचे डाळिंबाचे दाणे आणि कच्चा कांदा पहिल्या दिवशी नको म्हणा, दुसऱ्या दिवशी पोट बघून घ्या. आणि एका प्लेटमध्ये दोघी खा. दोन दिवसांत दहा पदार्थ चाखायचे असतील तर तोच एक मार्ग.

चिंचपोकळी_मेल
डॉक्टरांना अनुमोदन. मला एका शहरात पाणीपुरीने तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. शहराचं नाव घेत नाही, इंदूर नव्हतं.

स्वच्छतेवरून आठवलं. माझं कामच कचरा व्यवस्थापनाचं आहे. इंदूर २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं स्वच्छ शहरांत पहिलं आलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण खाण्याच्या धाग्यात सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे देवगुराडियाचा बायोगॅस प्रकल्प, २०२२ मध्ये सुरू झालेला. रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची क्षमता आहे, आणि त्या गॅसवर शहराच्या बसही चालतात. मी पहाटे तीनला सराफ्यात थांबून बघितलंय. शेवटची कढई उतरते, आणि झाडूवाल्या बायका गल्लीच्या एका टोकापासून येतात. द्रोण वेगळे, उरलेलं अन्न वेगळं. सकाळी दहाला सराफ शटर उघडतात तेव्हा तिथे तेलाचा वासही नसतो. आपल्या शहरातल्या खाऊगल्ल्यांना हे का जमू नये, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय.

खादाड_नाशिककर
छप्पन दुकान कुणी लिहिलंच नाही. न्यू पलासियात आहे, मूळची ५६ दुकानं म्हणून नाव. २०२० मध्ये नव्याने बांधून तिथे वाहनं बंद केली, बसायला बाकं आहेत. त्यामुळे गुडघेवाल्यांसाठी सराफ्यापेक्षा सोयीचं. खोपरा पॅटिस खाच. बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण, थेट आपल्या उकडीच्या मोदकाचा तिखट भाऊ. जॉनी हॉट डॉगकडे अंड्याचा बेंजो, म्हणजे पावात ऑम्लेट. सराफा पूर्ण शाकाहारी आहे, तेव्हा अंडं खायचं असेल तर इथेच.

अनुराधा_जो
अवांतर: इंदूरच्या साबुदाणा खिचडीबद्दल कुणी सांगेल का? मी राजवाड्याजवळ खाल्ली आणि अजून कोड्यात आहे.

माळवी_मुलगी
त्यात कोडं काही नाही. आमच्याकडे खिचडी तव्यावर परतत नाहीत. भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवतात, मागितली की पातेल्यात घेऊन शेंगदाण्याचा कूट, मिरची, लिंबू, बटाट्याचा तळलेला कीस आणि जिरावण टाकून हलवून देतात. दाणे मोती पडावेत तसे सुटे. आणि उपवासाचीच असते असं नाही, रोज मिळते. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हणाल्या, "ही खिचडी नाही, साबुदाण्याची भेळ आहे." आता दर चतुर्थीला मलाच करायला लावतात.

रामबागवाला
"बटाट्याचा तळलेला कीस" असं लिहिलंत ना? बघा, पुन्हा कीस!

अनुराधा_जो
@रामबागवाला, रात्री तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पाटीवरच्या शब्दांचा मुद्दा मनाला लागला. माझ्या आईची माहेरची माणसं देवासची होती, आणि ती "मक्याचं कणीस" न म्हणता "भुट्टा" म्हणायची. आम्ही भावंडं तिला दुरुस्त करायचो. आता वाईट वाटतं.

निशाचर
मेघनाताई, जानेवारी संपला. कुठे आहात?

मेघना_स
आलो परत! उशिराबद्दल माफ करा, आल्यावर आईची बहीण राहायला आली होती आणि तिला सगळं सांगण्यात दहा दिवस गेले. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. जसं झालं तसं लिहिते.

रतलामला पहाटे गाडी थांबली तेव्हा आई आधीच जागी होती, खिडकीला नाक लावून. शेववाल्याची हाक ऐकली आणि म्हणाली, "आलं."

सकाळी सामान टाकून सरळ पोह्यांच्या गाडीवर गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. गल्लीतली साधी गाडी होती, रामबागेच्या जवळ. रामबागवाला म्हणाले तसाच परातीत डोंगर, खालून वाफ. डॉक्टरांचं ऐकून कांदा-डाळिंब नको म्हटलं. आईने पहिला घास घेतला, चावला, आणि थांबली. मला वाटलं तिखट लागलं. तिने जिभेवरून बडीशेपेचा एक दाणा काढून बोटाच्या टोकावर धरला आणि मला दाखवला. काही बोलली नाही. मी घरी तीस वर्षं ते पोहे खाल्लेत आणि बडीशेप ताटाच्या कडेला काढून ठेवलीय.

मग गाडीवाल्याने विचारलं, "अम्मा, सेव और डालूँ?" आणि आई अशा हिंदीत बोलायला लागली की मी बघतच राहिले. साताऱ्यात तिचं हिंदी कधी ऐकलंच नव्हतं. "भिया, थोड़ा जीरावन और डालो, सेव रेने दो." तो हसला, "अम्मा तो अपने इंदौर की निकली." पैसे दिले आणि पुढे जाऊन वाडा शोधला. वाडा नाही, तिथे चार मजली इमारत आहे. पण समोरची विहीर बुजवून केलेला चौथरा तिने ओळखला. त्यावर दहा मिनिटं बसलो.

कचोरी खाल्ली, लाल बादली तिला आठवत नव्हती. दुपारी झोपलो. छप्पन दुकानात खोपरा पॅटिस अर्धं-अर्धं. तिथे ती फारशी रमली नाही, "हे माझ्या वेळी नव्हतं" म्हणाली, पण बाकांचा गुडघ्यांना उपयोग झाला.

सराफ्यात मंगळवारी गेलो, अनुराधाताई, तुमच्यामुळे. गर्दी होती, पण चालता आलं. पेटतं पान बघून आईने पदर डोक्यावरून घेतला आणि वाट बदलली. दहीवड्याचा द्रोण उडाला तेव्हा मात्र टाळ्या वाजवल्या. गराडू तिला सगळ्यात आवडला. आजोबा कापड गिरणीतली पाळी संपवून घरी येताना कागदात बांधून आणायचे आणि घरी येईपर्यंत तो मऊ पडायचा, म्हणून कुरकुरीत गराडू तिने त्या रात्री पहिल्यांदाच खाल्ला. दोन प्लेट झाल्या. साखर दुसऱ्या दिवशी थोडी वर होती, डॉक्टरसाहेब, पण जलेबा आम्ही लांबूनच बघितला.

डॉ_सुहास
गराडू हा पिष्टमय कंद आहे, दोन प्लेटनंतर साखर चढणारच. तरी मी तिथे असतो तर दुसरी प्लेट थांबवली नसती.

रामबागवाला
विहीर कुठली ते कळलं. आम्ही त्या चौथऱ्यावर क्रिकेट खेळायचो, चेंडू पलीकडे गेला की बाद. आईंना विचाराल का, समोर चिंचेचं झाड होतं का म्हणून?

मेघना_स
विचारलं. म्हणाली, चिंच नाही, विलायती चिंच. आणि तिच्या शेंगा पाडताना तुमच्याच कुणा काकांनी तिला दगड मारला असेल.

जाता जाता: जिरावण अंमळ जास्तच आणलंय, दोन किलो. पुण्यात ज्यांना हवंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाव किलोच्या पुड्या बांधून ठेवल्यात. आईने बांधल्यात, प्रत्येक पुडीबरोबर बडीशेपेची वेगळी चिमूट आहे.